नाक दाबलं की तोंड उघडतं. पण नाक कुणाचं?

मोर्चा निघाला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती लोक होते? आयोजकांचा आकडा एक, पोलिसांचा दुसरा, आणि टीव्हीवरची सगळी चर्चा त्या दोन आकड्यांमधल्या अंतरावर होते. ज्यांच्याविरुद्ध मोर्चा आहे, त्यांना मात्र या आकड्याने फरक पडतोच असं नाही. रविवारी मैदानात लाखभर माणसं जमली आणि सोमवारी सकाळी सगळी आपापल्या कामाला लागली, तर मंत्रालयात कुणाचंच काही अडत नाही.

म्हणून निःशस्त्र लढ्यांकडे बघताना मला दोन वेगळे प्रश्न जास्त उपयोगी वाटतात. आपण हात काढून घेतला तर समोरच्याचं काय अडतं? आणि हात काढून घेतल्यावर आपलं स्वतःचं किती दिवस भागतं?

पहिल्या प्रश्नामागचा विचार साधा आहे. हुकूम काढणारा एक असतो, पाळणारे हजारो. कर भरणारे, कारकुनी करणारे, गाड्या चालवणारे, पहाऱ्यावर उभे राहणारे. यांच्यातल्या पुरेशा लोकांनी अंग काढून घेतलं की हुकूम कागदावरच राहतो. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे काही आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. अडचण एवढीच, की नाक नेमकं कुठे आहे ते आधी शोधावं लागतं, आणि ते दाबून धरताना आपलाच श्वास आधी कोंडणार नाही याची तजवीज करावी लागते. ही तजवीज पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. ती नीट बघायची तर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात १९५५-५६ साली झालेल्या बस बहिष्काराइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

रोझा पार्क्सचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. कामावरून दमून आलेल्या एका बाईने गोऱ्या माणसासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि इतिहास बदलला, अशी ती गोष्ट सांगितली जाते. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे.

आधी बसचे नियम बघू. पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या. त्या रिकाम्या असल्या तरी कृष्णवर्णीयांनी तिथे बसायचं नाही. मागच्या जागा कृष्णवर्णीयांच्या. मधल्या रांगा अधांतरी: पुढची बाजू भरली आणि एक जरी गोरा प्रवासी उभा राहिला, तरी मधल्या रांगेतल्या सगळ्यांनी उठायचं, कारण गोरा आणि कृष्णवर्णीय अशा दोघांनी एकाच रांगेत बसणंही चालत नसे. तिकिटाचे पैसे पुढच्या दाराने चढून द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढायचं. कधीकधी माणूस मागच्या दारापाशी पोचायच्या आत ड्रायव्हर गाडी सोडून द्यायचा. पैसे अर्थात घेतलेले असायचे.

१ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी अशाच एका मधल्या रांगेतून तिघं उठली, पार्क्सबाई उठल्या नाहीत. एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये त्या शिवणकाम करायच्या, आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेचं चिटणीसपदही त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. म्हणजे त्या चळवळीतल्या तयार कार्यकर्त्या होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कॉल्विन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीनेही उठायला नकार दिला होता आणि तिलाही अटक झाली होती. पण वय कोवळं, घर गरीब. हिला पुढे केलं तर टिकाव लागणार नाही, असं पुढाऱ्यांनी ठरवलं. चळवळीही माणसं पारखून घेतात, आणि त्या पारखण्यात नेहमी न्याय असतोच असं नाही.

अटकेची बातमी त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन यांच्यापर्यंत पोचली. त्या तिथल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या आणि विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या बायकांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. बसवर बहिष्कार टाकायची कल्पना त्यांना काही त्या रात्री सुचली नव्हती. दीड वर्षं आधी, मे १९५४ मध्येच, त्यांनी महापौरांना पत्र लिहून तसा इशारा दिला होता. आता रॉबिन्सनबाई एक सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबत घेऊन कॉलेजात गेल्या आणि रात्रभर सायक्लोस्टाईल मशीनवर पत्रकं काढत बसल्या. मजकूर थोडक्यात असा: आणखी एका बाईला अटक झाली आहे, सोमवारी बसमध्ये चढू नका. शुक्रवारी दुपारपर्यंत हजारो पत्रकं शाळा, दुकानं, न्हाव्याची दुकानं, बार असं करत सगळीकडे गेली. कौन्सिलच्या बायकांनी वाटपाच्या वाटा आधीच आखून ठेवल्या होत्या, म्हणून हे जमलं.

उरलेलं काम विरोधकांनी करून दिलं. शहरातल्या गोऱ्यांच्या वर्तमानपत्राने रविवारी ही बातमी पहिल्या पानावर छापली. ज्याला पत्रक मिळालं नव्हतं त्यालाही कळलं. पोलीस आयुक्तांनी जाहीर केलं की बसने जाऊ इच्छिणाऱ्यांना कुणी धमकावू नये म्हणून बसमागे मोटारसायकलवरचे पोलीस राहतील. सोमवारी सकाळी जी थोडी माणसं थांब्यावर आली असतील, ती बसमागचे पोलीस बघून बिचकली आणि चालायला लागली.

५ डिसेंबरला बस रिकाम्या धावल्या. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. मला खरा रस आहे तो मंगळवारमध्ये.

एक दिवस कुणीही पायी जाईल. पण बसने जाणारे कृष्णवर्णीय सुमारे ४० हजार, बहुतेक मोलकरणी, स्वयंपाकिणी, मजूर. घर शहराच्या एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला. सोमवारी संध्याकाळी होल्ट स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये सभा झाली, गर्दी बाहेर रस्त्यावर सांडली, आणि बहिष्कार चालू ठेवायचं ठरलं. त्याच दुपारी नवी संघटना उभी राहिली होती आणि तिचं अध्यक्षपद २६ वर्षांच्या एका धर्मगुरूकडे आलं होतं. मार्टिन ल्यूथर किंग यांना या शहरात येऊन वर्ष-सव्वा वर्षच झालं होतं. त्यांच्या निवडीमागे हेही एक कारण होतं: कुणाशी जुनं वैर नाही, कुणाचे उपकार नाहीत.

पहिली सोय टॅक्सींची झाली. कृष्णवर्णीयांच्या टॅक्सी कंपन्यांनी बसइतकंच, म्हणजे दहा सेंट, भाडं घ्यायला सुरुवात केली. शहर प्रशासनाने लगेच एक जुना नियम काढला: टॅक्सीचं किमान भाडं ४५ सेंट, कमी घेतलं तर कारवाई. टॅक्सींचा मार्ग बंद. मग किंग यांनी लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात टी. जे. जेमिसन या धर्मगुरूंना फोन लावला. तिथे १९५३ मध्ये असाच पण छोटा बहिष्कार झाला होता, आणि लोकांच्या खासगी गाड्या वापरून वाहतूक कशी चालवायची हे जेमिसन यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी सगळी रचना समजावून सांगितली.

थोड्याच दिवसांत माँटगोमेरीत सुमारे ३०० खासगी गाड्या धावू लागल्या. सकाळी माणसं उचलायचे थांबे ठरले, संध्याकाळी परत आणायचे ठरले, आणि एका वाहनतळावर गाड्या कुठे पाठवायच्या ते सांगणारं मुख्य केंद्र सुरू झालं. पुढे चर्चांच्या नावावर नव्याकोऱ्या स्टेशन वॅगन घेतल्या गेल्या. ज्या समाजाला शहराची बसव्यवस्था माणूस समजत नव्हती, त्याने स्वतःची वाहतूक व्यवस्था उभी केली.

ती मोडायचे प्रयत्न लगेच सुरू झाले. पोलिसांनी या गाड्यांच्या चालकांना सारख्या पावत्या फाडायला सुरुवात केली. खुद्द किंग यांना जानेवारीत अटक झाली ती ताशी २५ मैलांच्या रस्त्यावर ३० च्या वेगाने गाडी चालवल्याबद्दल. विमा कंपन्यांनी गाड्यांचे विमे रद्द केले. विम्याविना गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे पोलिसांच्या हातात आयतं कोलीत. शेवटी अटलांटातल्या एका कृष्णवर्णीय विमा एजंटच्या मदतीने थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. भाषणं ऐकायला सगळ्यांना आवडतात, पण मला विचाराल तर हा विमा त्या वर्षातल्या कुठल्याही भाषणाच्या तोडीचा होता.

पेट्रोलचा खर्च होताच. बाहेरून देणग्या येत होत्या, सभांमध्ये झोळी फिरत होती, आणि जॉर्जिया गिल्मोर नावाच्या एका स्वयंपाकिणीने वेगळंच काढलं. काही बायका जमवून त्यांनी घरोघर सँडविच, तळलेलं चिकन, केक आणि ‘पाय’ नावाचा भाजलेला गोड पदार्थ करून विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांत गोरेही होते. यातल्या बऱ्याच बायका गोऱ्यांच्या घरी कामाला. पैसे बहिष्काराला जातात हे कळलं तर नोकरी जायची. म्हणून मंडळाचं नावच ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे कुठलाच नसलेला क्लब. पैसे कुठून आले असं विचारलं तर उत्तर तयार: कुठूनच नाही. गिल्मोरबाईंनी पुढे किंग यांच्या खटल्यात बसमधल्या वागणुकीबद्दल साक्ष दिली आणि त्यांची नोकरी खरोखरच गेली. त्यांनी मग घरीच खानावळ चालवली, आणि चळवळीतल्या माणसांच्या बैठका तिथेच जेवता-जेवता होऊ लागल्या.

बातम्यांवरही पहारा ठेवावा लागत होता. २१ जानेवारी १९५६, शनिवारची रात्र. शहर प्रशासनाने आंदोलनाशी संबंध नसलेल्या तीन कृष्णवर्णीय धर्मगुरूंना गाठून समझोता झाल्याचं परस्पर जाहीर केलं. रविवारच्या पेपरात ‘बहिष्कार मिटला’ असं वाचून सोमवारी लोक बसमध्ये चढतील, असा डाव. मिनियापोलिसमध्ये कार्ल रोवन या पत्रकाराच्या हाती ही बातमी तारेवर आली, त्याला शंका आली, त्याने किंग यांना फोन केला. मग किंग आणि त्यांचे सहकारी त्या रात्री शहरातले बार आणि क्लब पालथे घालत, बातमी खोटी आहे असं सांगत फिरले. रविवारी चर्चच्या व्यासपीठांवरून हेच सांगितलं गेलं. सोमवारी बस रिकाम्याच.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. समोरच्याचं काय अडलं?

इथे ‘समोरचा’ एक नव्हता, हे महत्त्वाचं. बस कंपनी खासगी, शिकागोतल्या मोठ्या कंपनीची उपकंपनी. तिच्या प्रवाशांत सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय. तिचं नाक खरोखर दाबलं गेलं: फेऱ्या कमी झाल्या, भाडं दहावरून पंधरा सेंट झालं, तरी तोटा थांबेना. एप्रिल १९५६ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आल्याचं निमित्त साधून कंपनीने वेगळ्या जागांचा नियम सोडून द्यायची तयारी दाखवली. आणि मग गंमत बघा: शहर प्रशासनाने राज्याच्या न्यायालयात जाऊन कंपनीलाच नियम पाळायला भाग पाडणारा आदेश आणला. शहराचे निवडून आलेले महापौर आणि दोन्ही आयुक्त तोवर गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी स्थापन झालेल्या सिटिझन्स कौन्सिलचे सभासद झाले होते. त्यांचं पोट तिकिटांवर चालत नव्हतं, मतांवर चालत होतं; आणि मतदार यादीत कृष्णवर्णीय फार थोडे.

तिसरा गट घरातल्या गोऱ्या बायकांचा. मोलकरीण आली नाही तर घर अडतं. कित्येकजणी स्वतःच्या गाडीतून आपल्या कामवाल्यांना आणायला-सोडायला जाऊ लागल्या. महापौरांनी त्यांना जाहीरपणे समज दिली, तरी त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. या बायका काही समतेच्या बाजूच्या झाल्या होत्या असं समजायचं कारण नाही. समोरच्या भिंतीला असे सांधे असतात, आणि बहिष्काराने ते दिसायला लागतात, एवढंच.

आपल्याकडे बहिष्कार हे बऱ्याचदा उलट्या दिशेचं हत्यार राहिलं आहे. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर गावोगाव अस्पृश्यांवरच बहिष्कार घातला गेला, आणि जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. हत्याराला स्वतःची नीती नसते.

फेब्रुवारीत प्रशासनाने १९२१ सालचा बहिष्कारविरोधी कायदा शोधून काढला आणि ८९ जणांवर आरोप ठेवले. नेहमीची पद्धत अशी की पोलीस रात्री दारात येतात, माणूस भेदरतो, शेजारी दारं लावून घेतात. न्यूयॉर्कहून आलेले जुने संघटक बायार्ड रस्टिन यांनी सुचवलं: वाट कशाला बघता, स्वतःच जा. मग ठेवणीतले कपडे घालून लोक न्यायालयात हजर व्हायला लागले, बाहेर जमलेली गर्दी टाळ्या वाजवायला लागली, आणि काहीजण तर यादीत आपलं नाव नाही म्हणून खट्टू झाले. खटला चालला एकट्या किंग यांच्यावर. ५०० डॉलर दंड किंवा ३८६ दिवसांची सक्तमजुरी, अशी शिक्षा झाली आणि अलाबामातलं एक शहर देशभरच्या पेपरांत गेलं. ज्या अटकेने लोक भ्यायला हवेत, तिचाच मिरवण्याचा विषय झाला, की राज्यकर्त्यांच्या हातातलं एक मोठं साधन बोथट होतं.

अहिंसेबद्दलही थोडं मोकळेपणाने बोलायला हवं. ३० जानेवारीला किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. पत्नी आणि तान्ही मुलगी घरात होत्या, त्या वाचल्या. त्यानंतर किंग यांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. घराभोवती हत्यारी पहारा होता. रस्टिन आणि त्यांच्यासारख्यांनी नंतर त्यांच्याशी गांधींच्या मार्गाबद्दल तपशीलवार बोलणी केली. गंमत म्हणजे या बहिष्काराची तुलना गांधींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी छापील रूपात सर्वांत आधी करणाऱ्यांपैकी एक होती ती ज्युलिएट मॉर्गन ही स्थानिक गोरी ग्रंथपाल. पहिल्याच आठवड्यात तिने वर्तमानपत्राला तसं पत्र लिहिलं आणि त्याची किंमत पुढे अपमान आणि छळ सोसून मोजली. अहिंसा तिथे सवयीने, सरावाने आली. बहिष्कार संपत आला तेव्हा चर्चमध्ये खुर्च्या मांडून खोटी बस तयार करायचे. कुणी ड्रायव्हर, कुणी शिव्या देणारा गोरा प्रवासी, आणि बाकीच्यांनी उलट हात न उचलता बसून राहायचं, अशी तालीम चालायची.

शेवटचा निर्णय न्यायालयात लागला. वकील फ्रेड ग्रे यांनी फेब्रुवारीत संघराज्याच्या न्यायालयात वेगळा खटला भरला होता. फिर्यादी चार बायका, आणि त्यांत जिला आधी बाजूला ठेवलं ती क्लॉडेट कॉल्विन होती. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. योगायोग असा की त्याच दिवशी स्थानिक न्यायालयाने लोकांच्या गाड्यांच्या व्यवस्थेवर बंदी घातली. शेवटचे पाच आठवडे लोक मुख्यतः पायीच चालले. २१ डिसेंबरला, ३८१ दिवसांनंतर, ते पुन्हा बसमध्ये चढले, पुढच्या दाराने.

मग जिंकलं कोण, बहिष्कार की कोर्ट? अमेरिकेतले अभ्यासक यावर आजही वाद घालतात. मला वाटतं, कोर्टाचा कागद नुसता आला असता तर त्याची अंमलबजावणी करून घेणारं कुणी नसतं. आणि कागद आला नसता तर गाड्यांवर बंदी आल्यावर लोक किती महिने चालले असते, हा प्रश्नच आहे.

हे दोन प्रश्न इतरत्र लावून बघता येतात. पोलंडमध्ये डिसेंबर १९७० मध्ये ग्दान्स्कचे गोदी कामगार रस्त्यावर उतरले, सैन्याने गोळ्या घातल्या. ऑगस्ट १९८० मध्ये त्याच लेनिन गोदीतल्या कामगारांनी संप केला तेव्हा ते बाहेर आलेच नाहीत. फाटक बंद करून आत बसले, दारूला बंदी केली, आणि जहाजं बांधण्याची यंत्रसामग्री ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याशी बोलायला सरकारलाच आत यावं लागलं. या संपातून उभ्या राहिलेल्या सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचे सभासद कोटीच्या घरात गेले. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा आला, पण १९८९ मध्ये निवडणुका घ्याव्याच लागल्या.

आणि मुंबई. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. दुसऱ्या प्रश्नाचं त्यांचं उत्तर कमकुवत नव्हतं: कित्येकजण कोकणात, साताऱ्याकडे गावी गेले आणि तिथल्या भाकरीवर महिनोन्‌महिने टिकले. घात पहिल्या प्रश्नाने केला. मालकांकडे मालाचे साठे होते, कापड भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर निघत होतं, आणि बऱ्याच जुन्या गिरण्या चालवण्यात मालकांना रस उरला नव्हता. दाबायला नाकच नव्हतं. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही.

१९०० ते २००६ या काळातल्या ३२३ मोठ्या लढ्यांचा (राजवट उलथणं, परकी ताबा हटवणं अशा स्वरूपाचे) एक अमेरिकन अभ्यास आहे. त्यात निःशस्त्र लढे सुमारे ५३ टक्के यशस्वी ठरले, सशस्त्र २६ टक्के. कारण भाबडं नाही: बंदूक घेऊन डोंगरात थोडेच जातात, पण बसमध्ये न चढणं आजीलाही जमतं. जितकी जास्त माणसं, तितके त्यांचे भाऊ-भाचे पोलिसांत आणि कचेऱ्यांत. अलीकडच्या वर्षांत मात्र हे यशाचं प्रमाण घसरलं आहे. सरकारंही शिकतात.

माँटगोमेरीही शिकलं. डिसेंबर १९५८ मध्ये जॉर्जिया गिल्मोर यांनी पुन्हा कोर्टाची पायरी चढली. या वेळी मागणी होती की शहरातली सार्वजनिक उद्यानं सगळ्यांना खुली करा. प्रशासनाने १ जानेवारी १९५९ पासून सगळी उद्यानं बंद केली, गोऱ्यांसाठीसुद्धा. बस चालायला प्रवासी लागतात. बागेला कुलूप लावलं तर तिजोरीला तोटा नव्हता. ती कुलुपं १९६५ पर्यंत उघडली नाहीत.